जास्तीचा हात

सोमवार, ४ फेब्रुवारी

आज रुजू झाले. इमारत अपेक्षेपेक्षा चांगली आहे. लिफ्ट चालते, कँटीनचा चहा पिण्याजोगा आहे आणि मला स्वतःची खोली मिळाली आहे. खोली म्हणजे नवजात विभागाला लागून असलेली, अडीच बाय तीन मीटरची, पूर्वी चादरी ठेवायची जागा. पण तिला विभागाच्या बाजूने काच आहे आणि तिच्यातून बाळांना ठेवायच्या अठराच्या अठरा काचपेट्या दिसतात. मी खुशीत आहे. हे वाक्य मी सहसा लिहीत नाही, म्हणून मुद्दाम लिहून ठेवते.

राहायला ताईकडे आहे. ताईला सातवा लागलाय. सकाळी निघताना तिने माझा डबा भरला, आणि वर बजावलं की पहिल्याच दिवशी लोकांना त्यांच्या चुका मोजून दाखवू नकोस. भावजी म्हणाले, मग ती तिथे करणार काय.

नेमणूकपत्रात काम एका ओळीत आहे: नवजात अतिदक्षता विभागावरील ताण कमी करणे. मुदत सहा महिने. ताण किती ते लिहिलेलं नाही, कारण लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं. मी दुपारपर्यंत मोजला. पेट्या अठरा, बाळं एकतीस. म्हणजे तेरा पेट्यांत दोन-दोन. एका पाळीला नर्स चार, हव्यात दहा. भिंतीवर एका गुटगुटीत बाळाचं हसरं पोस्टर आहे. आतल्या एकाही बाळाचं त्याच्याशी साम्य नाही.

विभागप्रमुख डॉक्टरांना नर्स पाठीमागे ‘टक्केवारी’ म्हणतात. सात मिनिटांच्या भेटीत त्यांनी तो शब्द नऊ वेळा वापरला, त्यामुळे नाव योग्य आहे. माझंही नाव जेवणाच्या सुट्टीपर्यंत पडलं. मोजपट्टी. ठीक आहे.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

अपुऱ्या दिवसांची बाळं श्वास घ्यायला विसरतात. यात काव्य काही नाही, मेंदूतली जोडणी पुरी झालेली नसते. छाती हलायची थांबते, वीस सेकंद झाले की मॉनिटर ओरडतो, नर्स येते, तळपायावर बोटाने टिचकी मारते, आणि बाळ झोपमोड झाल्यासारखा चेहरा करून पुन्हा श्वास घेतं. कालच्या चोवीस तासांत असे चारशे बारा अलार्म. चार बायका दिवसभर टिचक्या मारत धावतात आणि त्यालाच इथे सेवा म्हणतात.

त्याहून विनोदी म्हणजे, टिचकी मारली की प्रत्येक नर्स मोठ्याने म्हणते: मी आहे. कधी नुसतं, कधी लाडात येऊन: मी आहे रे राजा, हात माझा आहे. मी वेळ लावला. एका वेळेला सरासरी अडीच सेकंद, म्हणजे दिवसाला सतरा मिनिटं फुकट. शिवाय विभागातला आवाज अठ्ठावन्न डेसिबल. असावा पंचेचाळीस.

कारण विचारलं. तरुण नर्स म्हणाली, शिकवतात तसं करतो. मोठ्या सिस्टर इथे तीस वर्षं आहेत, चष्मा गळ्यात दोरीने लटकवतात. त्या म्हणाल्या, हात कुणाचा ते बाळाला कळायला नको का? मी म्हणाले, बाळाला कळत नसतं. त्या म्हणाल्या, तुम्हाला कळत नसेल, बाळाचं मला माहीत आहे. बाकीच्या हसल्या. विचार करायचा कंटाळा असलेल्या माणसांकडे हजरजबाबीपणा भरपूर असतो, हे माझं जुनं निरीक्षण आहे.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

मी बनवत होते तो पट्टा तयार आहे. घोट्याला बांधायचा, वजन नऊ ग्रॅम. श्वास थांबून पंधरा सेकंद झाले की तळपायाखालची छोटी मोटर थरथरते. टिचकीचं काम टिचकीविना. पायाला लागलेला प्रत्येक स्पर्श, वेळ आणि दाब धरून, नोंदला जातो. नर्सने बसून राहावं, वाटल्यास विणकाम करावं.

आधी स्वतःच्या पायावर चाचणी घेतली, विभागातच, सात नंबरच्या पेटीशेजारी उभी राहून. तीनदा श्वास रोखला. दोनदा मोटर पंधराव्या सेकंदाला बरोबर चालली. तिसऱ्यांदा अकराव्याच सेकंदाला तळव्यावर टिचकी बसली आणि मी दचकून श्वास घेतला. नोंदीत मोटर बंद, स्पर्श मात्र आहे, बोटाच्या टोकाएवढा. सैल वायर. बदलली.

मोठ्या सिस्टर पाहत होत्या. त्यांनी विचारलं, काय झालं? मी म्हणाले, काही नाही. त्या म्हणाल्या, तुम्ही काही बोलला नाहीत ना. मी म्हणाले, यंत्राशी बोलायची मला सवय नाही.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

एकतीसही बाळांना पट्टे लागले. दारावर पाटी लावली: शांतता. पेटीजवळ बोलू नये. आयांच्या भेटीची वेळ तासाची वीस मिनिटं केली, कारण आया बडबडतात. घरी जाणाऱ्या बाळांसाठी एक पानी सूचनाही लिहिल्या: विश्रांती द्यावी, उगाच हाताळू नये, कमीत कमी बोलावं. टक्केवारींनी न वाचता सही केली.

मोठ्या सिस्टर माझ्या खोलीत आल्या. बसल्या नाहीत. पट्टा लावा, त्या म्हणाल्या, धावपळ वाचेल, माझेही गुडघे गेलेत. पण बोलणं बंद करू नका, त्या पट्ट्यामागे कुणी नाही. मी म्हणाले, म्हणूनच तो चुकत नाही. त्यांनी पाटी वाचली, चष्मा काढून पुन्हा वाचली, आणि गेल्या.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

काल दिवसभरात अलार्म एकसष्ट. चारशे बारावरून.

टक्केवारींनी आलेख मोठा छापून घेतला आणि खालच्या मजल्यावर, लोकांना दिसेल असा लावला. आता बाळं लवकर घरी पाठवायची, पट्ट्यासकट. नोंदी मला इथे फोनवरून येतील. या आठवड्यात अकरा घरी गेली. बहुतेक पेट्यांत एकच बाळ, असं दृश्य आज तीन तास होतं, मग नवी बाळं आली. नर्सना ते सोसलं नाही. त्या एकमेकींकडे बघत उभ्या होत्या, रिकाम्या हातांचं काय करायचं असतं ते विसरल्यासारख्या.

ताई रात्री म्हणाली, तू लिहिताना श्वास धरून बसतेस, कधीपासून? लहानपणी नव्हतं असं. श्वास घे गं, फुकट आहे.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

ताईचा रक्तदाब अचानक वाढला. पहाटे आणलं, सातला ऑपरेशन. मुलगी. दहा आठवडे आधी. वजन अकराशे ऐंशी ग्रॅम.

भावजींना जिन्यातच रडू फुटलं. मी त्यांना जगण्याची शक्यता आकड्यात सांगितली, कारण आकडा चांगला होता. ते म्हणाले, तू जवळ बसशील ना तिच्या? मी म्हणाले, बसायची गरज नाही, पट्टा आहे.

पेटी सात. पट्टा मीच बांधला. तिचा घोटा माझ्या करंगळीएवढा आहे. ताईला स्ट्रेचरवरून काचेपाशी थांबवलं. ती म्हणाली, मावशी आहे म्हटल्यावर मला काय काळजी. इतर कुणी असं म्हटलं असतं तर मला त्याच्या विचारशक्तीची कीव आली असती.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

अलार्म नऊ, तेही मॉनिटरची वायर सुटल्याचे.

टक्केवारींनी कँटीनमध्ये माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. नंतर खोलीत येऊन मी पहिल्यांदाच नोंदी सेकंदासेकंदाने वाचल्या. आधीच वाचायला हव्या होत्या. आलेख चांगला आला की नोंदी वाचाव्याशा वाटत नाहीत, हा दोष मी फक्त इतरांत धरत होते.

मोटरी चाललेल्याच नाहीत. गेल्या आठ दिवसांत एकाही पायावरची नाही. पंधरावा सेकंद उजाडतच नाही. प्रत्येक वेळी अकराव्या सेकंदाला स्पर्श आहे, बोटाच्या टोकाएवढा, आणि बाळ श्वास घेतंय.

अर्थ उघड आहे. नर्स चोरून हाताने टिचक्या मारताहेत, पट्टा निकामी ठरवायला. पाळी बदलताना सगळ्यांसमोर विचारलं. तरुण नर्स म्हणाली, मोजपट्टीताई, अकराव्या सेकंदाला पोचायला आम्हाला पंख लागतील. मोठ्या सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, सगळ्या बाळांना? मी म्हणाले, सगळ्या. त्या खुर्चीवर बसल्या. त्यांना बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

शुक्रवार, १ मार्च

आज पकडायचं ठरवलं. दुपारी दोनला पाळी बदलते. दहा मिनिटं सगळ्या नर्स टेबलाशी असतात, पेट्यांपाशी कुणी नसतं. मी सात नंबरशी उभी राहिले. लख्ख उजेड.

दोन वाजून चार मिनिटांनी भाचीची छाती थांबली. मी हात पाठीमागे बांधून मोजत होते. नऊ. दहा. अकरा.

तिच्या डाव्या तळव्यावर, मधोमध, कातडी आत दबली. खळगा पडला आणि पांढरा झाला. मग तो सुटला, आणि तीन सेकंदांत तिथे पुन्हा गुलाबी रंग भरला. बोट दाबून रक्ताभिसरण तपासतात तेव्हा भरतो तसा. तिने श्वास घेतला.

पेटीचं झाकण बंद होतं.

सोमवार, ४ मार्च

पट्टे बदलले. तारा बदलल्या. सहा बाळांचे पट्टे पूर्ण काढून नुसतं पाहत बसले. खळगा पडतो. वारा, कंपन, स्नायूंचा झटका, एकेक तपासून खोडलं. यादी जोडली आहे.

उरलं ते लिहिते. सगळ्या नोंदी, विभागातल्या आणि घरी गेलेल्या अकरा बाळांच्या, एका रांगेत लावल्या. दोन स्पर्श एका वेळी कधीच नाहीत. एका पायावरून दुसऱ्या पायावर जायला किमान सहा सेकंद, मग दुसरा पाय शेजारच्या पेटीत असो की गावाबाहेरच्या घरात. म्हणजे पुष्कळ हात नाहीत. एक आहे.

मोठ्या सिस्टरांना आकडे दाखवले. त्यांनी आकडे पाहिले नाहीत. म्हणाल्या, इथे हात कायमच कमी होते. जिथे हात कमी पडतात तिथे एक जास्तीचा येतो. तो वाईट करत नाही. पण बाळ ज्याच्या हाताने श्वास घेतं त्याचं होऊन बसतं, मग दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. म्हणून आम्ही सांगायचो, मी आहे. त्याला नाही, बाळाला. बोललं की बाळ आपल्याकडे राहतं.

मी विचारलं, हे लिहून का ठेवलं नाही. त्या म्हणाल्या, लिहिलं असतं तर तुम्ही वाचून हसला असता, आता निदान न वाचता हसलात.

बुधवार, ६ मार्च

दुसरी रांग लावली. अलार्म कमी झालेत. श्वास थांबणं कमी झालेलं नाही. पूर्वी एका बाळाचं दिवसातून तेरा-चौदा वेळा थांबायचं. आता अडीचशे वेळा. श्वास घेणं हे आपलं काम आहे हे बाळांनी सोडून दिलंय. कुणीतरी येतंच.

चाळीसच्या वर पाय, प्रत्येकी अडीचशे वेळा, मध्ये सहा सेकंद. त्याच्याकडे दिवसाचे सेकंद आपल्याएवढेच आहेत. त्याच्यावर ताण आहे. श्वास थांबल्यापासून टिचकीपर्यंतचं अंतर आता अकरा सेकंद नाही, चौदा आहे.

टक्केवारींना सांगितलं. हाताचं नाही, अंतराचं. त्यांनी विचारलं, अलार्म वाजतोय का? मी म्हणाले, वीसच्या पुढे गेलं की वाजेल. ते म्हणाले, मग मर्यादा तीस करा. वर म्हणाले की ताण इतका उतरलाय तर पाळीला चार नर्स कशाला, सोमवारपासून दोन. आणि वरून पत्र आलंय, आणखी पाच बाळं घ्यायची.

माणूस मूर्ख असता तर सोपं होतं. तो माझाच आलेख वाचतोय.

शुक्रवार, ८ मार्च

पंधरावा सेकंद आता येतो. मोटर चालते. बाळ हलत नाही. मी स्वतः भाचीला टिचकी मारली. जोरात. काही नाही. नर्सने मारली, काही नाही. आम्ही दोघी बोट धरून वाट पाहत उभ्या होतो, कसली ते एकमेकींना न सांगता. सतराव्या सेकंदाला खळगा पडला.

ताईला अजून उठू देत नाहीत. तिने विचारलं, कशी आहे? मी म्हणाले, स्थिर.

सोमवार, ११ मार्च

दोन नर्स, छत्तीस बाळं.

सकाळी बारा नंबर. अंतर सव्वीस होतं. त्याच्यापर्यंत पोचायला उशीर झाला. आम्हालाही. फुगा दाबून श्वास दिला, छातीवर बोटं ठेवली, पस्तीस मिनिटं. आई वीस मिनिटांच्या भेटीसाठी बाहेर रांगेत उभी होती.

कागदावर कारण लिहिलं: अपुरे दिवस.

मंगळवार, १२ मार्च

भाचीचं अंतर आज पंचवीस. एक सेकंद कमी झालं. रांगेत एक पाय कमी आहे.

हे कळलं तेव्हा मला बरं वाटलं. साधारण दोन सेकंद. मोजले.

इतके दिवस मी इथे सगळ्यांना तुच्छ लेखत होते. योग्य माणूस राहिलाच होता.

बुधवार, १३ मार्च

एक गोष्ट सापडली. घरी गेलेल्या अकरापैकी आठ बाळांवर गेले कित्येक दिवस खळगा नाही. घरी पोचल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून बंद. ती आठ आपली आपण श्वास घेताहेत. तीन अजून त्याच्याच हातावर.

अकराही घरी फोन केले. आठ घरांत आयांनी माझं सूचनेचं पान वाचलंच नव्हतं. एकीने त्यात डाळिंबाचे दाणे बांधले होते. आठही जणी बाळाला उचलून दिवसभर बोलत होत्या. अगं मी आहे ना, मी आहे ना तुझी आई, असली निरर्थक बडबड. तीन घरांनी पान भिंतीला चिकटवलं होतं आणि अक्षरशः पाळलं होतं. हुशार घरं. तिघींना सांगितलं, फाडा आणि बोला. सलग. एकदाही न चुकता.

तीन दिवस. स्पर्श त्याच्या आधी आपला हवा आणि आवाज आपला हवा. एक माणूस, एक बाळ.

टक्केवारींना आकड्यांनिशी मागणी केली: सगळ्या आयांना आत घ्या. ते म्हणाले, जंतुसंसर्ग. आणि ताण कमी झाल्याचं आपण वर कळवलंय ना.

संध्याकाळी मोठ्या सिस्टरांनी कुणालाही न विचारता दार उघडलं. चौतीस आया स्टुलांवर, खोक्यांवर, काही जमिनीवर. प्रत्येकीचा हात पेटीत, मुठीत पाय. मी आहे, मी आहे. आवाज बासष्ट डेसिबल. अंतर रात्रीपर्यंत एकोणीस.

मी पाटी काढून कचऱ्यात टाकली. ती प्लॅस्टिकची होती, नीट मोडली नाही.

गुरुवार, १४ मार्च

सकाळी दहा. पाहणीला मंडळ आलं. आया बाहेर. एकीचा हात पेटीतून दोघांनी मिळून सोडवला. मोठ्या सिस्टर सक्तीच्या रजेवर. जाताना त्या माझ्यासमोर थांबल्या. त्यांनी माझा हात धरला आणि सात नंबरच्या पेटीत नेऊन ठेवला, वस्तू जागेवर ठेवतात तसा.

मी कर्मचारी आहे, मला कुणी काढू शकत नाही. दुपारी दोनला सुरुवात. रविवारी दोनपर्यंत. ताईला रविवारी दोनला चाकांच्या खुर्चीतून आणायचं भावजींनी कबूल केलंय. पुढे ती बसेल.

डावा हात पेटीत. उजव्याने लिहिते.

पस्तीस बाळं आहेत. मी एकीशी बसले आहे. हे निवडलंय, आपोआप झालेलं नाही. लिहून ठेवते.

शुक्रवार, १५ मार्च

दोनशे बारा वेळा. एकदाही चुकले नाही. आठव्या सेकंदाला टिचकी, मग: मी आहे. सुरुवातीला आवाज निघेना. मी कुणाला असं कधी म्हटलेलं नाही.

दुपारपासून ती कधी-कधी माझ्या बोटाने श्वास घेते. दहातून तीनदा.

चार नंबर गेलं. अकरा नंबर गेलं. मी उठले नाही.

शनिवार, १६ मार्च

दहातून सहा.

तरुण नर्सने पाणी पाजलं. म्हणाली, ताई, तुमचे ओठ निळे दिसतात. मी म्हणाले, झोप नाही. ती पुढच्या पेटीकडे पळाली.

संध्याकाळी सहा — बुटाच्या आत, डाव्या तळव्यावर, टिचकी. मी श्वास घेतला. त्याआधी किती वेळ घेतला नव्हता, माहीत नाही.

सैल वायर नव्हती. आठ फेब्रुवारी. मी काही बोलले नव्हते. मलाही कुणी काही म्हटलं नव्हतं.

शनिवार, रात्री

पट्टा स्वतःच्या पायाला बांधला. माझं अंतर चोवीस. मी रांगेत आहे. माझ्यामुळे रांग एकाने लांब.

ठरवून श्वास घेऊन पाहिला. छाती हलत नाही. आत ढकलायला तिथे कुणी नसल्यासारखी. टिचकी येते, मग एक-दोन मिनिटं चालते, मग —

त्या मिनिटांत बोलायचं. हिशेब बसतो. अजून बसतो.

रविवार, १७ मार्च

सकाळी नऊ. दहातून नऊ.

माझं अंतर एकतीस.

साडेअकरा. फोन केला ताईला. बोलायला वेळ जुळवावा लागतो. म्हटलं, लवकर ये. आल्यावर आधी मला म्हण. ती म्हणाली, काय म्हणू? तेवढ्यात थांबलं. ती हॅलो हॅलो करत राहिली. मग मला शिव्या घातल्या. मग फोन ठेवला.

दुपारी एक. दहातून दहा. तिचा रंग चांगला आहे. बोट धरते माझं.

माझं अडतीस.

एक पस्तीस. डोळ्यांपुढे काळं येतं, जातं. अक्षर बिघडलंय.

एक बेचाळीस. जिन्यात चाकांचा आवाज. की लिफ्टचा. ताई असेल. वेळेआधी कधी येत नाही ती

एक चव्वेचाळीस — माझं थांबलं. अकरा. बारा. त्याच वेळी तिचंही. पाच. सहा. टिचकी मारली. ती बघतेय. वाट बघतेय. नुसती टिचकी पुरत नाही, म्हणावं लागतं. दोनच शब्द. म्हणायला श्वास लागतो आणि तो अजून सहा नंबरच्या पायाशी

वीस. तिचे चौदा. काचेपलीकडे ताई दिसते. दार ढकलतेय. ताई, मला नको, आधी तिला म्हण, तिला म्ह